मोटरहोमच्या वॉटर हीटरला इंजिनचं कूलंट जोडायचंय? होज कापण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोर्ड ई-४५० चॅसिसवरचं जुनं क्लास सी मोटरहोम अमेरिकेत विकत घेतलंय. मागच्या बाजूला ६ गॅलनचा वॉटर हीटर आहे. तो गॅसवर आणि विजेवर चालतो, पण त्याच्या पाठीमागे आणखी दोन नळ्यांची तोंडं मोकळी आहेत. इंजिनाजवळ कुणीतरी कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, दोन होज कापून एकमेकांना जोडून टाकलेत. कॅम्पग्राउंडला पोहोचेपर्यंत गाडी चालता चालताच पाणी तापलेलं हवं. तर सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकापाठोपाठ, जोडायचं की टी (तीन तोंडांचा जोड) टाकून? आणि घरच्या प्लंबिंगमधून उरलेला पेक्स (प्लास्टिकचा) पाइप चालेल का?

पेक्सचं आधी सांगतो. नाही, चालणार नाही. पेक्सची मर्यादा ९३ °से. तापमानाला ८० पीएसआय (दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच) एवढी असते, म्हणून कागदावर तो पुरेसा वाटतो. पण इंजिनचं कूलंट चढावर १०० अंशांच्या वर सहज जातं, त्यात इंजिनाचे हादरे आणि जवळून जाणारा एक्झॉस्ट. इथे लागतो तो हीटर होज. त्यावर 'एसएई जे२०आर३' असं छापलेलं असतं. ईपीडीएम रबराचा चांगला होज पुरतो. सिलिकॉनचा होज जास्त टिकतो, पण त्याला आतून अस्तर असलेले क्लॅम्प लागतात, नाहीतर पट्टीच्या खाचांतून सिलिकॉन कापलं जातं.

सिरीज की टी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्या आधी दोन प्रश्न सुटायला हवेत. पहिला म्हणजे आधीच्या मालकाने ही जोडणी तोडली का? दुसरा म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावर त्याला थांबवणार कोण? गॅस आणि वीज टाकीच्या थर्मोस्टॅटचं ऐकतात आणि साधारण ५४ ते ६० अंशांना बंद होतात. इंजिनाला तो थर्मोस्टॅट दिसतच नाही. तीन तास हायवेवर चाललेल्या गाडीच्या टाकीतलं पाणी ८० ते ९० अंशांवर गेलेलं असतं. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, मुलांची त्याहून लवकर. म्हणून या कामात सगळ्यात आधी मिक्सिंग व्हॉल्व्हचे, म्हणजे गरम पाण्यात थंड मिसळून तापमान आवरणाऱ्या व्हॉल्व्हचे, पैसे बाजूला काढा. होज, टी आणि क्लॅम्प त्याच्या नंतर.

आता पहिला प्रश्न. चालू जोडणी कुणी उगाच तोडत नाही. बहुतेकदा टाकीचा एक्स्चेंजर (कूलंटची उष्णता पाण्याला देणारी नळी) गळत असतो, किंवा मागे कुठेतरी होज फुटलेला असतो आणि रस्त्यात तेवढ्यापुरतं निभावलेलं असतं. आधी टाकीचा मॉडेल क्रमांक बघा. सबर्बन कंपनीच्या टाकीवर क्रमांकाच्या शेवटी 'एम' असेल, म्हणजे 'एसडब्ल्यू६डीईएम' सारखा, तर ती इंजिनच्या उष्णतेसाठी बनवलेली आहे. ॲटवुड कंपनीच्या टाकीवर 'जीसीएच६ए' मधला 'एच' तेच सांगतो. असं अक्षर नसेल तर मागे दिसणारी तोंडं नक्की कशाची आहेत ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या तोंडाला कूलंट जोडलं गेलं तर ते थेट नळाला येईल.

मॉडेल बरोबर असेल तर एक्स्चेंजरला दाबाची चाचणी द्या. एका तोंडावर होजचा तुकडा लावून तो बुचाने आणि क्लॅम्पने बंद करा. दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप आणि गेज जोडून २० पीएसआयपर्यंत हवा भरा आणि अर्धा तास सोडून द्या. इंजिनच्या प्रेशर कॅपचा दाब साधारण १६ पीएसआय असतो, म्हणून २० पुरे. जास्त भरून काही सिद्ध होत नाही. काटा उतरला तर जोडावर साबणाचं पाणी लावा. जोडावर बुडबुडे नसूनही दाब उतरत असेल तर एक्स्चेंजर गेलेला आहे. तो डकवत बसू नका, टाकी बदला.

इतकं ताणून सांगतो त्याला कारण आहे. नळांना पाणी देणारा पंप चालू असतो तेव्हा पाण्याचा दाब ४५ ते ५५ पीएसआय, म्हणजे कूलंटच्या तिप्पट. तेव्हा गळती झालीच तर पाणी कूलंटमध्ये शिरतं, आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी कारण नसताना वाढत जाते. पण पंप बंद करून नळ उघडला की दाब उलटतो आणि इथिलीन ग्लायकॉल पिण्याच्या पाण्यात येतं. ते विषारी आहे, आणि गोड असल्याने चवीवरून संशयही येत नाही. मोटरहोमच्या मोटर-एड (इंजिनच्या उष्णतेवरही तापणाऱ्या) टाकीत कूलंटची नळी टाकीच्या बाहेरून चिकटवलेली असते, त्यामुळे मध्ये दोन भिंती येतात आणि हा धोका बराच कमी होतो. बोटींसाठीच्या काही टाक्यांत नळीचं वेटोळं थेट पाण्यात बुडालेलं असतं आणि भिंत एकच असते. तशी टाकी बसवली असेल तर कूलंटची पातळी दर काही दिवसांनी बघा. कमी झाली तरी आणि वाढली तरी.

आता जोडणीकडे येऊ. पुढचा निर्णय एका छोट्या तपासणीवर अवलंबून आहे. इंजिन पूर्ण तापू द्या. आतला हीटर गरमवर ठेवून डॅशबोर्डकडे जाणारे दोन्ही होज हाताने चाचपा, दोन्ही गरम लागतील. मग एसी 'मॅक्स'वर टाका आणि पाच मिनिटांनी पुन्हा चाचपा. पंख्यापासून हात सांभाळा. एक होज थंड होऊ लागला तर त्या वाटेवर एक व्हॉल्व्ह आहे, जो एसी चालू असताना कूलंट अडवतो. होजच्या मध्ये बसवलेला डबा आणि त्याला जोडलेली व्हॅक्यूमची बारीक नळी दिसली की तोच तो. तुमची वॉटर हीटरची जोडणी या व्हॉल्व्हच्या इंजिनकडच्या बाजूला हवी. पलीकडे जोडली तर जुलैमध्ये एसी लावून दिवसभर चाललात तरी टाकी थंडच राहील, आणि दोष कुठे आहे हे सापडायला महिने जातील.

सिरीजमध्ये कूलंट आधी डॅशबोर्डच्या हीटर कोअरमधून (आतली हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून) जातं, मग मागे टाकीकडे आणि मग परत इंजिनात. प्रवाह सगळा टाकीतून जातो आणि हवा सहज बाहेर पडते, हे त्याचे गुण. पण पुढच्या हीटरच्या वाटेत १४-१५ मीटर होजचा अडथळा कायमचा येतो, आणि मागे होज फुटला तर गाडी उभी करावी लागते. वाट नुसती बंद करायची सोय राहत नाही, कारण ती बंद केली की काच स्वच्छ ठेवणारी गरम हवाही जाते. बर्फात ते चालणार नाही. सिरीज करायचीच असेल तर पुढे तीन व्हॉल्व्हचा बायपास (टाकीची वाट टाळणारा वळसा) बांधावा लागतो.

टी टाकून समांतर जोडणी केली की मागची वाट वेगळी राहते. तिच्यावर लोकांची शंका अशी असते की कूलंट जवळच्या वाटेने, म्हणजे हीटर कोअरमधूनच परत जाईल आणि मागे काही पोहोचणारच नाही. शंका चुकीची नाही, पण किती पोहोचायला हवं ते मोजून बघा. ६ गॅलन म्हणजे २२.७ लिटर पाणी १५ अंशांवरून ६५ वर न्यायला साधारण १.३ किलोवॅट-तास उष्णता लागते. मिनिटाला फक्त ३ लिटर कूलंट टाकीपर्यंत गेलं आणि तिथे १० अंशांनी थंड होऊन परतलं, तर ते १.८ किलोवॅट देतं. म्हणजे पाऊण तासात काम झालं. प्रत्यक्षात बाहेरून चिकटवलेल्या नळीतून उष्णता हळू जाते आणि पाणी तापत गेलं की वेगही मंदावतो, म्हणून तासभर ते दीड तास धरा. पण अडचण प्रवाहाची नसते. ५/८ इंची १४ मीटर होजमधून मिनिटाला ४ लिटर ढकलायला जेमतेम ०.३ पीएसआय दाब लागतो. अर्धा इंची होज घेतला तर त्याच प्रवाहाला जवळपास तिप्पट दाब लागतो, कारण व्यासाचा परिणाम साधारण पाचव्या घाताने होतो. म्हणून ५/८ इंची घ्या. पाऊण इंची घेऊन काही मिळत नाही, उलट कूलंट जास्त लागतं आणि वळवायला तो अवघड जातो.

तेव्हा तुमच्या गाडीत मी समांतर जोडणीच करेन. टाकी इंजिनापासून फार लांब नाही आणि गाडी थंड प्रदेशातही जाणार आहे. बसच्या चॅसिसवरचं, मागे इंजिन असलेलं मोठं मोटरहोम असतं किंवा मागच्या खोलीत आणखी एक कूलंटचा हीटर असता, तर हिशेब पुन्हा मांडावा लागला असता.

सामान असं लागेल. ५/८ इंची हीटर होज १५ मीटर, दोन पितळी टी, दोन पितळी फुल-पोर्ट (आतलं भोक पूर्ण मापाचं असलेले) बॉल व्हॉल्व्ह, टाकीजवळ हवा काढायला एक तिसरा टी आणि त्यावर छोटा कॉक. क्लॅम्प १४ लागतात : दोन टींना सहा, व्हॉल्व्हना चार, टाकीच्या तोंडांना दोन, हवेच्या टीला दोन. दोन-तीन जास्तच आणा. टी घेण्याआधी गाडीचा मूळ होज मोजा. आत येणारा आणि परत जाणारा होज वेगवेगळ्या मापाचे असणं अगदी सामान्य आहे, तेव्हा एक टी पाऊण इंच बाय पाऊण बाय ५/८ असा लागू शकतो. प्लास्टिकचे टी घेऊ नका. उष्णतेने ते कडक होतात आणि काही वर्षांनी होज काढताना हातात तुकडा येतो. क्लॅम्प स्प्रिंगचे, सतत ताण धरणारे असले तर उत्तम. साधा स्क्रूचा क्लॅम्प आज घट्ट बसतो, पण रबर दबत गेलं की थंडीच्या सकाळी थेंब थेंब गळतो आणि इंजिन तापल्यावर गळती थांबते, त्यामुळे जागा सापडत नाही.

बॉल व्हॉल्व्ह पुढे, टीला लागून बसवा, टाकीजवळ नाही. मागे कुठेही होज फुटला तर बॉनेट उघडून दोन दांडे फिरवायचे आणि गाडी पुढे न्यायची, हाच त्यांचा उपयोग. टाकीजवळ बसवलेले व्हॉल्व्ह वाटेतल्या सात मीटर होजला वाचवत नाहीत. हेच व्हॉल्व्ह उन्हाळ्यात, गरम पाणी नकोच असेल तेव्हा, बंद ठेवता येतात. शिवाय गाडी उभी असताना गॅसवर तापवलेल्या टाकीची उष्णता रात्रभर थंड इंजिनाकडे वाहून जायची शक्यता असते, विशेषतः टाकी इंजिनाहून उंचावर असेल तेव्हा. पहाटे पाणी कोमट मिळत असेल तर रात्री एक व्हॉल्व्ह बंद करून बघा.

होज टाकताना फ्रेमच्या आतल्या बाजूने न्या, एक्झॉस्टपासून शक्य तेवढं लांब. एक्झॉस्टजवळून जाणं टळत नसेल तिथे पत्र्याचं कवच घाला. दर ४५ सें.मी.वर रबरी अस्तराचा पी-क्लॅम्प लावा, आणि पत्र्याच्या भोकातून नेताना ग्रोमेट (रबरी कडं) घाला. होज फ्रेमच्या कडेला नुसता टेकला तरी हादऱ्यांनी एका हंगामात आरपार जातो. वाट सरळ चढती किंवा सरळ उतरती ठेवा. मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला की हवा तिथेच बसते. संपूर्ण होजवर ईपीडीएम किंवा नायट्राइल फोमचं आवरण चढवा. घरच्या गरम पाण्याच्या पाइपावर असतो तो पॉलिएथिलीनचा करडा फोम इथे मऊ पडतो. टाकीला कूलंट खालच्या तोंडाने आत द्या आणि वरच्या तोंडाने बाहेर काढा. उष्णतेच्या दृष्टीने फारसा फरक नाही, पण हवा वरून आपोआप निघते. हवेचा टी सगळ्यात उंच जागी, म्हणजे बहुधा टाकीच्या वरच्या तोंडाशी.

इंजिन पूर्ण थंड असताना कापायला घ्या. खाली भांडं ठेवा, जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. ५/८ इंची होजमध्ये मीटरला सुमारे २०० मिलिलिटर बसतं, म्हणजे १४ मीटरला २.८ लिटर. एक्स्चेंजर धरून ३ लिटर जास्तीचं कूलंट आणा. ते गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचंच घ्या. रंग पाहून नव्हे, डब्यावरचा स्पेसिफिकेशन क्रमांक पाहून, कारण फोर्डने वर्षागणिक प्रकार बदलले आहेत आणि एकच रंग वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या रसायनांना देतात. गाढं कूलंट आणलंत तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

हवा काढणं हीच या कामातली चिवट पायरी. मागचा नवा होज टीला जोडण्याआधी फनेलने भरून घेतलात तर अर्धं काम होतं. मग गाडीचं तोंड चढावर ठेवा, आतला हीटर पूर्ण गरमवर टाका, कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा आणि पातळी उतरेल तसं भरत राहा. इंजिन अजून कोमट असतानाच टाकीजवळचा कॉक थोडा उघडा आणि बुडबुडे थांबून अखंड धार आली की बंद करा. मग कॅप लावा आणि इंजिनचा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या. तापल्यानंतर कॅपला हात लावायचा नाही. पुढच्या हीटरची हवा गरम येते पण मागचे होज थंड राहतात, असं झालं तर हवा मागे अडकली आहे. अशा वेळी पुढच्या हीटरकडे जाणारा होज जाड कापडाच्या घड्या घातलेल्या पकडीने पाच मिनिटं दाबून धरा. सगळा प्रवाह मागे वळतो आणि हवा ढकलली जाते. कूलंट व्हॅक्यूमने भरायचं साधन मिळत असेल तर ते आणाच, हा सगळा खटाटोप वाचतो.

आता पाण्याची बाजू, जिच्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. टाकीच्या गरम पाण्याच्या तोंडावर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, शक्यतो 'एएसएसई १०१७' हे अमेरिकी मानक छापलेला. टाकीतलं गरम पाणी त्याच्या गरम तोंडाला जोडा. थंड तोंडाला थंड पाण्याच्या लाइनवर टी टाकून फाटा द्या, पण तो फाटा टाकीच्या चेक व्हॉल्व्हच्या (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधी घ्यायचा. मिश्र पाणी गाडीतल्या नळांना. ४९ अंशांवर लावा आणि नळाखाली थर्मामीटर धरून तपासा. दांड्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. या व्हॉल्व्हच्या गरम-थंड दोन्ही तोंडांना आतून चेक हवेत. नसतील तर थंड पाणी गरमच्या लाइनमध्ये शिरत राहतं. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंतचा छोटा तुकडा पितळी किंवा स्टीलच्या जाळीच्या नळीचा ठेवा, कारण ९० अंशांच्या पाण्यात प्लास्टिकचे फिटिंग आणि प्लास्टिकचे चेक व्हॉल्व्ह फार टिकत नाहीत.

जोडणी नीट असूनही पाणी कोमटच येत असेल तर बाहेरचा शॉवर बघा. त्याचे दोन्ही नळ उघडे आणि हँडशॉवर बंद असेल, तर गरम-थंड तिथेच मिसळतं. दुसरा संशयित म्हणजे हिवाळ्यासाठीचा, टाकी वगळून पाणी नेणारा बायपास व्हॉल्व्ह, अर्धवट राहिलेला.

टाकीच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून चालत्या गाडीत थेंब पडू लागले तर घाबरू नका, पण कारण समजून घ्या. १५ अंशांवरून ८५ वर गेलेलं २२.७ लिटर पाणी सुमारे ७०० मिलिलिटरने फुगतं. चेक व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही आणि सगळे नळ बंद असतात. रिलीफ व्हॉल्व्ह १५० पीएसआय किंवा ९९ अंशांना उघडतो, तो त्याचं काम करतोय. त्याला बूच मारायचं नाही, कधीच नाही. गरम लाइनवर लिटर-दोन लिटरची एक्स्पान्शन टँक (फुगलेलं पाणी सामावणारी, आत हवा असलेली छोटी टाकी) लावा आणि तिच्यातली हवा पाण्याचा पंप ज्या दाबाला सुरू होतो तेवढ्यावर भरा, म्हणजे थेंब थांबतात.

आणखी एक गोष्ट हमखास होते. लांबच्या प्रवासानंतर टाकी ८२ अंशांच्या वर गेली की तिचा सुरक्षेचा कटऑफ उडतो, आणि दुसऱ्या दिवशी गॅस पेटत नाही. लोक गॅसचा बोर्ड बदलतात. काही टाक्यांत हा कटऑफ थंड झाल्यावर आपोआप जुळतो, काहींत बाहेरच्या झाकणामागचं बटण दाबावं लागतं. ते आधी दाबून बघा.

हिवाळ्यात टाकी रिकामी केलीत तरी कूलंटची वाट चालू राहायला हरकत नाही, रिकाम्या टाकीचं त्याने नुकसान होत नाही. मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये मात्र थोडं पाणी अडकून राहतं. गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून मोटरहोममध्ये भरतात ते द्रव) नळांतून काढताना ते व्हॉल्व्हच्या तिन्ही तोंडांतून गेलंय याची खात्री करा, नाहीतर वसंतात फुटलेलं पितळ सापडेल.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, इंजिन थंड झाल्यावर, कूलंटची पातळी बघा. थोडी उतरलेली असेलच, उरलेली हवा तेव्हा निघते. भरा, चौदाही क्लॅम्प सुक्या बोटांनी चाचपा आणि स्क्रूचे असतील तर पाव फेरी आवळा. दोन-तीन प्रवासांनंतरही पातळी उतरत राहिली तर पुढचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून एक प्रवास करा. उतरणं थांबलं तर गळती मागे आहे, नाही थांबलं तर ती इंजिनाकडे आहे आणि तुमच्या नव्या कामाशी तिचा बहुधा संबंध नाही.